म्हातारीच्या नळांत काय भरायचं

८ ऑक्टोबर, सोमवार

न गोठणारं गुलाबी पाणी कुठेच नाही. कॅल्युमेटच्या हार्डवेअरमध्ये फळी रिकामी. हॉटनला जाऊन दोन दुकानं पाहिली — तिथेही तेच. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काका, बर्फाची बातमी आली ना, लोकांनी दोन दिवसांत सगळे कॅन उचलले. पुढचा ट्रक पंचवीस तारखेला." पंचवीसपर्यंत थंडी थांबते होय!

म्हातारीला काल तळ्यावरून घरी आणली. आता अंगणात उभी आहे, सॉनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीला पाठ लावून. चोवीस फुटांची कॅराव्हॅन, चाकांवरचं घरच, वयही चोवीस — फुटाला एक वर्ष. लोरेटा म्हणते, मी बायको, पण एवढं तर तू मलाही जपत नाहीस. खोटं आहे. पण थोडंसंच.

दर ऑक्टोबरात तिच्या नळांतलं पाणी काढायचं, गुलाबी पाणी भरायचं, मग ती मेपर्यंत निवांत झोपते. साधं पाणी आत राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि पाइप तडकतात. गेल्या नऊ वर्षांत एकदाही चुकलो नाही. शुक्रवारी कडक थंडी पडणार, असं रेडिओवर सांगत होते.

लोरेटा बटाटे सोलत होती. तिला म्हटलं, नाही मिळालं तर काय करायचं?

"तर तिला घरात आण आणि गोधडीत झोपव. मी सोफ्यावर जाईन."

९ ऑक्टोबर, मंगळवार

मोठी टाकी रिकामी केली. तासभर पाणी अंगणातून शेजारच्या मर्लच्या कुंपणापर्यंत वाहत गेलं, आणि पाण्यामागून मर्ल आले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण शेजारी कुणी पाना हातात घेतला की यांना घरात बसवत नाही. खुर्ची सोबतच आणतात.

सगळं ऐकून घेतलं आणि सल्ले सुरू.

"मिठाचं पाणी भर."

"गिझर गंजेल, मर्ल."

"मग गाडीच्या काचा धुवायचं निळं पाणी. ते गोठत नाही."

"ते विष आहे. मेमध्ये लोरेटा त्याच नळाच्या पाण्याची कॉफी करते."

"मग साखरेचा पाक. माझ्या मेव्हण्याने केलं होतं, एक्क्याऐंशी साली."

"आणि?"

"नळ वाचले." मग खुर्ची जरा सरकवली. "मुंग्यांनी मात्र गाडी उचलून न्यायचीच बाकी ठेवली होती."

हसताना त्यांचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मी कामात होतो, मागे वळून पाहिलं तर खांदे अजून हलत होते.

१० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी गिझर रिकामा केला. खालचा बोल्ट हट्टाला पेटला होता, अर्धा तास घेतला त्याने. मग मर्लचा कॉम्प्रेसर आणून सगळ्या पाइपांतून हवा मारली. एकेक नळ सोडायचा, तो खोकतो, थुंकतो, मग नुसता श्वास टाकतो. हवेचा दाब जास्त झाला तर सांधे सुटतात, म्हणून मर्लना काट्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. ते काट्याकडे तोंड करून झोपले.

हवेने बरंचसं काम होतं. सगळं नाही. पंपाच्या पोटात पाणी राहतंच. बेसिनखालच्या वाकड्या पाइपांत राहतं — तीन ठिकाणी. तिथे काहीतरी घालावंच लागतं.

हे मर्लना सांगितलं. ते "थांब" म्हणून घरी गेले आणि ढकलगाडीत एक खोकं घालून परत आले. नातीच्या लग्नातून उरलेलं. सहा मोठ्या बाटल्या. वोडका, अगदी स्वस्तातली, लेबलवर एक वाकडं अस्वल.

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे.

"अरे लेका, तुला थोडीच देतोय?" मर्ल म्हणाले. "म्हातारीला पाजायला देतोय. अस्सल दारू, आमच्या हिवाळ्यातही गोठत नाही. नऊ वर्षं झाली तुला सोडून. तू काय कच्चा आहेस?"

मी खोकं उचललं. नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं तर मी कच्चा, असं झालं असतं. खोकं आत नेलं आणि जेवणाच्या बाकाखाली ठेवलं. पंपाच्या शेजारी.

तीच जागा. ठेवल्यावर लक्षात आलं.

लिहूनच टाकतो. पीत होतो त्या काळात मी लोरेटाला सांगायचो, गुलाबी पाण्यापेक्षा वोडका बरी, मेमध्ये धुतली की वासही राहत नाही. ती स्वतः दुकानातून आणून द्यायची. रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर सांगायची, आमच्या कॅराव्हॅनच्या नळांना लागते. दर वर्षी चार बाटल्या. पहिल्या वर्षी नळांना दोन मिळाल्या, मग एक, मग अर्धी. उरलेल्या त्या बाकाखाली. बाहेर बर्फ पडत असायचा आणि मी "जरा म्हातारीकडे बघून येतो" म्हणायचो.

शेवटच्या वर्षी नळांना काहीच मिळालं नाही. मेमध्ये तळ्यावर गेलो. लोरेटाने कॉफीसाठी नळ सोडला आणि पाणी भिंतीतून आलं. गाद्या भिजल्या, तिच्या आईची निळी चादर भिजली. तिने भिंतीची फळी काढून तडकलेला पाइप पाहिला. मग खाली वाकून बाकाखाली हात घातला. एक शब्द बोलली नाही. संध्याकाळच्या बसने बहिणीकडे ग्रीन बेला गेली. सात आठवडे.

त्या जूनमध्ये दारू सोडली. चर्चच्या तळघरात दारू सोडणाऱ्यांची बैठक चालवणारा माणूस म्हणाला, रोज एक पान लिही, खरं लिही, कुणाला दाखवू नकोस. तेव्हापासून लिहितोय.

बाटल्यांचं लोरेटाला सांगितलं नाही. उद्या ओतून टाकेन, काम संपेल. मग सांगायला उरतंय काय?

११ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. म्हातारीकडे गेलो नाही. दिवसभरात खिडकीशी मात्र बऱ्याचदा गेलो.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

खरं लिही म्हणाला होता. लिहितो.

दुपारी साडेतीनला आत गेलो. बाकाचं झाकण उचललं, एक बाटली काढली. आधी स्वयंपाकाच्या बेसिनखालच्या पाइपात एक पेलाभर, मग न्हाणीत, असं ठरवलं होतं. बूच फिरवलं. सील तुटण्याचा तो छोटा आवाज नऊ वर्षांनी ऐकला.

लोक म्हणतात वोडकाला वास नसतो. असतो.

बाकावर बसलो. बाटली गुडघ्यावर, बूच दुसऱ्या हातात. रेडिओ चालू होता. दोन गाणी झाली, बातम्या झाल्या, हवामान झालं — रात्री शून्याखाली पाच — आणि मी तसाच. काही दुःख झालेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. तेच वाईट. छान वाटत होतं. जुना मित्र समोर येऊन बसावा आणि म्हणावा, फार दिवसांनी रे. त्या सात आठवड्यांची आठवणसुद्धा आली नाही. लोरेटा डोक्यात होती, पण लांब, जणू शेजारच्या गावात राहते.

देवाने वगैरे थांबवलं नाही. पाय गार पडले. बुटाच्या तळातून थंडी वर आली, नडग्यांपर्यंत, तेव्हा उठलो. उठलो म्हणून बूच लावलं. बाटली परत खोक्यात ठेवली. एक थेंब ओतला नाही, एक थेंब प्यायलो नाही.

रात्री गोठू नये म्हणून पंपाशेजारी एक जुना पिवळा दिवा लावून ठेवला. तेवढ्या उबेत एखादी रात्र निघते.

घरात आलो. लोरेटाने विचारलं, "झालं काम?" म्हटलं, नाही, कंबर धरली. पूर्वी पिऊन खोटं बोलायचो. आज न पिताच बोललो.

तिने रबराच्या पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं, माझ्या पाठीमागे नीट बसवलं. "हलू नकोस," म्हणाली. तासभर ती पिशवी घेऊन बसलो होतो. कंबर ठणठणीत.

उद्या पुन्हा तिथे जायचं आहे. काम तर करायलाच हवं. पण कामासाठी नव्हे, तसंच जावंसं वाटतंय. हेही लिहून ठेवतो.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सात वाजता उठलो तर लोरेटा नाही. पिकअपही नाही. टेबलावर चिठ्ठी — "ब्रूनोकडे जातेय. भोपळे आणते. म्हातारीला हात लावायचा नाही. कंबर सांभाळ."

ब्रूनो तिचा मामेभाऊ. त्याचा गोठा इथून सव्वा तासावर. रस्त्यावर पहाटेचं बर्फ, आणि ही बाई भोपळ्यांसाठी निघाली! आम्ही दोघं असे कितीसे भोपळे खातो? चिडलो. चिडलो हे बरंच झालं, कारण त्या चिडण्यात सकाळ गेली. सॉनासाठी लाकडं फोडली, मग आठवलं की कंबर दुखतेय, म्हणून थांबलो, मग आठवलं की घरात कुणी नाही, म्हणून पुन्हा फोडली. म्हातारीच्या दाराला हात लावला नाही. दोनदा दारापर्यंत गेलो.

बाराला आली. पिकअप खिडक्यांपर्यंत चिखलाने माखलेली. भोपळा एकच, तोही एका बाजूने दबलेला. आणि मागे दोन मोठे पांढरे कॅन, वर गाईचं चित्र.

"हे काय?"

"गाईंचं औषध. गाय व्यायली की कधीकधी तिची ताकद जाते, खात नाही, उभी राहत नाही. तेव्हा हे तोंडातून पाजतात."

"अगं, पण आपल्याकडे कोण व्यायलंय?"

"म्हातारी," लोरेटा म्हणाली. "तिला पाजायचंय. ब्रूनो म्हणतो, गुलाबी पाण्यात मुळात हेच असतं. ते लोक त्यात पाणी घालतात, रंग घालतात आणि कॅनवर कॅराव्हॅनचं चित्र लावतात. निम्मं हे, निम्मं पाणी. जानेवारीतही गोठत नाही. पोटात गेलं तरी काही होत नाही, गाई पितातच की."

"ब्रूनोला कशी आठवण झाली याची?"

"मी सकाळी फोन केला होता. साडेपाचला. गोठेवाले उठलेलेच असतात."

मी कॅन उतरवायला गेलो. एक उचलला आणि तसाच उभा राहिलो. मग कॅन खाली ठेवला. आता नाही सांगितलं तर तो दुसरा कॅनही उचलता येणार नाही, असं काहीतरी वाटलं.

"लोरेटा, आत बाकाखाली एक खोकं आहे. मर्लनी दिलेलं. सहा बाटल्या वोडका. नळांत घालायला."

तिने मान हलवली.

"त्यातली एक काल उघडली. प्यायलो नाही. पण घेऊन बसलो होतो. बराच वेळ."

"बरं," ती म्हणाली.

"आणि कंबर दुखत नाहीये."

"मघाशी लाकडं फोडलेली दिसतायत," ती म्हणाली. मग हातमोजा काढला आणि हात माझ्या गालावर ठेवला. बर्फासारखा हात. पिकअपचा हीटर गेल्या वर्षापासून बिघडलाय, मीच दुरुस्त करणार होतो. सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना.

"आधी जेवून घेऊ," म्हणाली. "मग सॉना. म्हातारीचं उद्या, दोघं मिळून."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. किंवा त्याहून वाईट, ती गप्प होईल, त्या वेळेसारखी. तसं काहीच झालं नाही. बाईचं मन कसं मोठं असतं, किंवा कदाचित थकलेली होती. कळलं नाही मला.

१४ ऑक्टोबर, रविवार

झालं. म्हातारीने औषध घेतलं.

सकाळी लोरेटा ओव्हरकोटावर एप्रन बांधून आली. बादलीत दोन्ही गोष्टी निम्म्या निम्म्या कालवल्या. औषध गोडसर वासाचं, जाडसर, पण पाण्यासारखं पारदर्शक. मी म्हटलं, नळातून हे आलं की उरलेलं पाणी आलं, कळणार कसं? गुलाबी पाण्याचा तोच तर फायदा. ती घरात गेली आणि केकचा लाल रंग घेऊन आली. नाताळचा उरलेला. पाच थेंब टाकले. मग सहावा, "चांगलं दिसावं म्हणून".

गिझरला जाणारा कॉक बंद करून पाण्याला बाजूने वळसा दिला, नाहीतर सगळं औषध त्याच्याच पोटात जातं. मी पंपापाशी आडवा, पंपाची नळी बादलीत. ती आत नळांपाशी. मी बटण दाबलं की पंप गुरगुरायचा आणि ती ओरडून सांगायची —

"खोकतोय... खोकतोय... पाणी आलं... पाणी... लाल! बस, बंद कर!"

स्वयंपाकाचा गार, स्वयंपाकाचा गरम. न्हाणीतला गार, गरम. शॉवर. संडास. एकेक करत घरभर फिरलो, म्हणजे चोवीस फूट. वाकड्या पाइपांत तिने वरून एकेक पेला ओतला. ओतताना प्रत्येक पाइपाला "घे बाई" म्हणाली. मी ऐकलं, तिला वाटलं पंपाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

सगळं आटोपलं, हात पुसले, दार लावलं, आणि घराच्या पायरीवर लोरेटा थांबली. "बाहेरचा शॉवर?"

म्हातारीच्या मागच्या अंगाला, छोट्या झाकणाआड, पाय धुवायचा एक शॉवर आहे. तळ्यावरून वाळूचे पाय घेऊन आलं की वापरायचा. साफ विसरलो होतो. परत पंप, परत बादली. त्यातून कपभर पाणी निघालं, मगच लाल. म्हणजे तोच पाइप यंदा फुटला असता. एकतीस वर्षं जिल्ह्याचा बर्फ उपसायचा ट्रक चालवला मी, एक वळण विसरलो नाही. आणि हा शॉवर विसरलो.

मग खोकं. मी म्हटलं, मी देऊन येतो. लोरेटा म्हणाली, एका बाजूने तू धर, एका बाजूने मी. जड नव्हतं एवढं. तरी दोघांनी धरून नेलं, अंगणातून, कुंपणाला वळसा घालून.

मर्लनी दार उघडलं. खोकं पाहिलं. वरचीच बाटली सील तुटलेली.

"ही कुणी उघडली?"

"मी."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली. पुन्हा ठेवली.

"मी गाढव आहे, ओन्नी," ते म्हणाले. "नातीचं लग्न झाल्यापासून ते खोकं जिन्याखाली पायात येत होतं. तुझे नळ दिसले आणि खोकं दिसलं. तू दिसला नाहीस."

"असू द्या हो," मी म्हटलं.

"असू कसं द्या? लोरेटा, तू तरी दोन शिव्या दे मला."

"सोमवारी देईन," लोरेटा म्हणाली. "रविवारी मी देत नाही."

मर्लचे खांदे हलायला लागले. पण डोळे पुसले त्यांनी, ते मी पाहिलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

बर्फ. चार बोटं. म्हातारीच्या डोक्यावर पांढरी टोपी.

१७ ऑक्टोबर, बुधवार

मर्ल सकाळी वेलदोड्याचा पाव घेऊन आले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच स्वतः भाजला म्हणे. खालून कोळसा, मध्ये कच्चा. मी आणि लोरेटाने कॉफीत बुडवून बुडवून तो सगळा संपवला, कारण ते समोर बसून बघत होते. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी साखर जरा कमी घालेन." साखर घातलीच नव्हती.

पिकअपचा हीटर उघडला. नळीत उंदराचं घरटं. घरट्यात लोरेटाच्या हरवलेल्या टोपीची लोकर. तिला दाखवली तर म्हणाली, बघ, म्हणजे टोपी मी हरवली नव्हती. दोन वर्षांपूर्वीचं भांडण आज तिने जिंकलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

हीटर चालू झाला. लोरेटाला गावातून उगाच एक चक्कर मारून आणली. ती हातमोजे काढून बसली होती.

बैठकीलाही जाऊन आलो. बाटली घेऊन बसल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. एकजण म्हणाला, पाय गार पडणं हे कारण चालेल, कुठलंही कारण चालतं.

२० ऑक्टोबर, शनिवार

सॉना. आधी मर्ल आणि मी, मग लोरेटा एकटी, तिला आमच्यापेक्षा जास्त गरम लागतं. बाहेर येऊन बर्फात उभी राहिली. अंगातून वाफा निघत होत्या. सहासष्ट वर्षांची बाई. मी खिडकीतून बघत होतो. तिने पाहिलं मी बघतोय आणि बर्फाचा गोळा मारला. काचेवर लागला.

खाली पेस्टी, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजत ठेवल्या होत्या, त्या जरा जास्तच झाल्या.

२१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कॉफी ओतताना लोरेटा म्हणाली, "एक सांगायचंय. मी तुझी वही वाचते. रोज. नऊ वर्षं झाली. तू फावडं नाहीतर पाना घेऊन बाहेर गेलास की मोज्यांच्या खणातून काढते, वाचते, परत ठेवते. पहिली दोन वर्षं भीतीने वाचली. नंतर सवयीने."

मी विचारलं, "त्या शुक्रवारचंही? बाटलीचं?"

"ते पहाटेच वाचलं, तू झोपेत होतास. वाचूनच तर गाडी काढली."

तिने स्वतःची कॉफी ढवळली. मग म्हणाली, "पण त्या शनिवारी तू स्वतःच सांगितलंस. मी विचारायच्या आधी. तेव्हापासून मनात होतं. आजपासून वाचणार नाही."

म्हटलं, वाचत जा की, माझी काही हरकत नाही. तर म्हणाली, "नको. तुझं अक्षर फार वाईट आहे. डोळे दुखतात."

ती आता स्वयंपाकघरात आहे, भांडी घासतेय. वही माझ्यासमोर. कुणीच वाचणार नाही असं हे पहिलंच पान. पेन घेऊन केव्हाचा बसलोय.